गेमच्या परीक्षणामागचा पैसा ग्राहकाला दिसू द्या : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

जवळपास पाच हजार रुपये आगाऊ भरून घेतलेला गेम कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, धड चालत नाही. त्याची तोंड फाटेस्तोवर स्तुती करणारे व्हिडिओ कंपनीच्या पैशांतून झाले होते, हे नंतर कळले. तक्रार केली, तर ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ एवढ्यावर ती बंद झाली. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे.

आपल्या खात्याने २० जानेवारी २०२३ रोजी समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी नियम जाहीर केले. ते चांगले आहेत. नुसते पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, प्रवास, हॉटेलचा मुक्काम, सवलत यांतले काहीही मिळाले असेल तर सांगायचे. व्हिडिओत ते दिसलेही पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. लाइव्ह स्ट्रीम असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर राहिले पाहिजे. शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे.

आता आपल्या अधिकाऱ्यांना गेमिंग चॅनल उघडून बघायला सांगा. मराठी-हिंदी व्हिडिओंत हा खुलासा बहुतेकदा खाली वर्णनात, इंग्रजीत, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर दिसणाऱ्या ओळीत पडलेला असतो. मोबाइल आडवा धरून बघणाऱ्या पोराला तो कधीच दिसत नाही. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ या गेमसाठी २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या जाहिरात मोहिमेत नेमके हेच झाले होते. यूट्यूबरांना हजारो डॉलर दिले, गेमबद्दल चांगलेच बोलायचे आणि बग म्हणजे त्यातले बिघाड दाखवायचे नाहीत अशी अट घातली आणि खुलासा वर्णनात दडवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये कंपनीलाच धरले. आपल्याकडे अशी एक तरी गेम कंपनी धरली आहे का?

आणि हा झाला सोपा भाग. खरी फसवणूक होते तिथे पैशाची देवघेवच नसते. परीक्षणासाठी फुकट ‘की’ म्हणजे गेम उघडायचा कोड मिळतो, त्याच्यासोबत एम्बार्गो येतो : अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचे नाही. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्ये वापरायला बंदी होती. कंपनीने पुरवलेलीच लावायची. सोनीच्या पीएस४ कन्सोलवर गेम किती कोसळतो हे लोकांना विकत घेतल्यावर कळले. आठवड्याभरात सोनीला तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून पैसे परत द्यावे लागले.

परीक्षक हे मुकाट्याने का सोसतात? कारण व्हिडिओ बघितला जातो तो एम्बार्गो उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. ‘की’ न मिळालेल्याने गेम विकत घ्यायचा, ३०-४० तास खेळायचा आणि मग बोलायचे. तोवर प्रेक्षक पांगलेला असतो. कंपनीला कोणाला धमकावे लागत नाही, पुढच्या वेळी ‘की’ दिली नाही म्हणजे पुरते. बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या गेम कंपन्यांनी ‘कोटाकू’ या गेमविषयक संकेतस्थळाशी असेच संबंध तोडले होते, हे त्या संकेतस्थळाने २०१५ मध्ये उघड केले. तिथे निदान संपादक पाठीशी होते. एकट्याने चॅनल चालवणाऱ्या मुलाच्या पाठीशी कोण आहे?

परताव्याचे म्हणाल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ ही मर्यादा. पहिल्याच वेळी शेडर (पडद्यावरचे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात कधी अर्धा तास जातो, मग प्रास्ताविक दृश्ये आणि शिकवणीची पातळी. गेम खरा अडखळतो तो गर्दीच्या मोठ्या नकाशात, चार-पाच तासांनी. प्लेस्टेशनवर तर डाउनलोड सुरू केले की मन बदलले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. पाच हजारांच्या त्या किमतीत सरकारचा १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे सातशेहून जास्त रुपये. कर घेणाऱ्याने ग्राहकाच्या मागे उभे राहायला नको?

म्हणून मागतो ते असे. ‘की’ कोणी दिली, कुठल्या यंत्रावर खेळले आणि दृश्ये कोणाची, हे परीक्षणाच्या पहिल्याच मिनिटात त्याच भाषेत सांगणे बंधनकारक करा. एखाद्या यंत्रावरची प्रत परीक्षणाला दिली नसेल, तर त्या यंत्रावर आगाऊ विक्री नको. एम्बार्गो विक्रीच्या दिवसापर्यंत ताणला, तर खेळण्याच्या तासांची अट न लावता सात दिवस पूर्ण परतावा द्यायला लावा. आणि दंड आधी कंपनीला करा.

मात्र हे नियम माणसांवर सोडायचे कुत्रे होता कामा नयेत. २०१४ च्या गेमरगेट या ऑनलाइन छळ मोहिमेत पत्रकारितेच्या नीतीचे नाव घेऊन एका गेम बनवणाऱ्या बाईला धमक्या देऊन घर सोडायला लावले. खासगी संबंधांमुळे एका पत्रकाराने तिच्या गेमचे चांगले परीक्षण केले, असा आरोप होता; असे परीक्षण त्या पत्रकाराने लिहिलेलेच नव्हते. तक्रार करारावर आणि पैशावर घ्या, कोणाच्या खासगी आयुष्यावर नाही.

सरकारला वेळ नसतो हे आता पटत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरचा कायदा २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आला, २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मनात आणले तर तीन दिवस पुरतात. मग स्वतःच्याच खात्याचे २०२३ चे नियम गेमिंग चॅनलांना आणि कंपन्यांना लावायला इतकी वर्षे का लागावीत? ग्राहक खात्याला पत्र लिहिले की माहिती-तंत्रज्ञान खात्याकडे बोट, तिकडे लिहिले की पुन्हा इकडे. या नियमांखाली आजवर किती गेम कंपन्यांना नोटिसा गेल्या, तो आकडा आपण जाहीर करावा. शून्य असेल तर शून्य लिहा.

आपला,
एक ग्राहक