सभागृहाचा घुमारा कमी करायचा आहे : वाचनालयाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचं जुनं सभागृह ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची अर्धगोल भिंत आठवत असेलच. बांधलं तेव्हा गावात लाउडस्पीकर नव्हता. वक्ता त्या गोलाईत उभा राहायचा आणि चुन्याची गुळगुळीत भिंत त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची. बांधणाऱ्यांचं डोकं खरंच चाललं होतं. आज त्याच खोलीत आम्ही ध्वनिमुद्रण करतो, आणि नेमकी तीच गोलाई आडवी येते.

तीन वर्षांपासून इथे दोन कामं सुरू आहेत. अंध विद्यार्थ्यांसाठी दहावी-बारावीची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं आणि पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जतन करणं. पहिल्या कामाचा अभिप्राय एका विद्यार्थ्याने एका वाक्यात दिला : "सर, हे विहिरीत बसून वाचलंय का?" हसलो, पण त्याचं चुकलं नव्हतं. ठसठशीत स्वराची शेपटी पुढच्या नाजूक व्यंजनावर पसरते आणि 'ताट' की 'पाट' ते कळेनासं होतं. डोळ्यांनी वाचणारा ओळ पुन्हा बघू शकतो, ऐकणाऱ्याला दर वेळी मागे जावं लागतं.

खोलीची मापं अशी : सरळ भाग ३२ बाय २२ फूट, त्यापुढे ११ फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ, उंची १६ फूट. म्हणजे सुमारे १४,३०० घनफूट हवा, आणि आवाज शोषणारं जवळजवळ काहीच नाही. फुगा फोडून मोजलं तर आवाज विरायला साडेतीन सेकंद लागतात. आम्हाला तो पाऊण सेकंदाच्या आसपास आणायचाय. शिवाय गोलाईच्या मध्यबिंदूवर उभं राहून टाळी वाजवली तर ती गोळा होऊन आपल्याच कानावर परत येते. मायक्रोफोन आम्ही वर्षभर तिथेच ठेवत होतो, हे आता सांगायला लाज वाटते.

आधीच्या चुकाही सांगून टाकतो. पहिल्या वर्षी अंड्यांचे ट्रे चिकटवले. पुठ्ठ्याने आवाज फारसा शोषला नाही, पालींची मात्र सोय झाली. मग एक इंची फोम आणला. त्याने वरचे सूर खाल्ले, डग्ग्याचा घुमारा होता तसाच राहिला. कारण साधं आहे : खालच्या सुरांची लाट लांब असते. १०० हर्ट्झची लाट सुमारे ११ फुटांची, तिला एक इंच म्हणजे काहीच नाही. तो फोम पेटतो कसा, हे एक तुकडा जाळून पाहिल्यावर आम्ही सगळाच उतरवला.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस साबाइन १८९५पासून रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात आणून मांडत आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजत. त्यावरून त्यांनी खोलीचं आकारमान, शोषक पृष्ठभाग आणि आवाज टिकण्याचा वेळ यांचं सूत्र बसवलं. त्याच सूत्राने आमच्या खोलीचा हिशेब मांडला. आणखी सुमारे ६७५ चौरस फूट शोषक पृष्ठभाग हवा. म्हणजे ४ बाय २ फुटांच्या ८५ चौकटी : लाकडी फ्रेम, आत चार इंची रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकरीसारखी भर), वर मांजरपाट. भिंतीपासून चार इंच पुढे टांगायच्या, म्हणजे खालच्या सुरांवरही थोडी पकड बसते. जुन्या दगडात खिळे ठोकणार नाही, लाकडी पट्ट्यांवर टांगू. अर्धगोल भिंतीशी पुस्तकांची कपाटं लावू, काचा काढून. पुस्तकं मागेपुढे असली की आवाज एकाच बिंदूत न जमता विखुरतो. वाचनालयाकडे निदान पुस्तकांचा तुटवडा नाही.

एका चौकटीचा खर्च १,९०० रुपये, म्हणजे ८५ चौकटींचे १,६१,५००. फिरते पडदे आणि दारांच्या फटी बुजवण्याचे २४,५००. एकूण १,८६,०००. सभासदांकडून ६१,००० जमले आहेत, १,२५,००० हवेत. एक चौकट दिलीत तरी चालेल, दोघातिघांनी मिळून दिलीत तरी.

पैशाशिवायही मदत हवीय. दोन सुतार, शिलाई मशीन असलेल्या चार-पाच जणी आणि जुन्या जाड गोधड्या. वाचकाच्या तिन्ही बाजूंना दोन-दोन पदरी गोधड्या टांगल्या की बोलण्याचा आवाज बराच सुधारतो, हे आम्ही करून पाहिलंय. कापड देणाऱ्यांना एक विनंती : तोंडाला लावून फुंकर मारा. आरपार गेली तरच पाठवा. रेक्झिन नको. रॉकवूल अंगाला खाजतं, म्हणून भरताना हातमोजे आणि मास्क आमच्याकडून.

एक गैरसमज राहू नये. या कामाने बाहेरचा एसटीचा हॉर्न थांबणार नाही. तो वेगळा आणि फार खर्चाचा विषय आहे, त्यामुळे मुद्रण पहाटेच चालू राहील. पण पहाटे सत्तरीच्या आजीने रिक्षातून यायचं आणि तिच्या ओवीचा अर्धा शब्द भिंतीने गिळायचा, हे तरी थांबेल. आमच्या यादीतल्या दोन आजी दिवाळीनंतर गेल्या. त्यांची मुद्रणं आहेत ती अशीच, घुमणारी.

देणगी धनादेशाने, वाचनालयाच्या नावे. संध्याकाळी ५ ते ८ कार्यालय उघडं असतं, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमाखर्च दर शनिवारी दारातल्या फळ्यावर लागेल. पावसाळ्यापूर्वी फ्रेम भरून व्हायला हव्यात, ओलं रॉकवूल कामाचं नाही. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता सभागृह उघडं ठेवतोय. येताना गोधडी आणा, आणि गोलाईच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवून बघा.

आपले,
कार्यकारी मंडळ, वाचनालय