काकूंच्या पायासाठी पाला पाठवत नाही

प्रिय विन्या,

तुझं पत्र काल मिळालं. काकूंच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही, बांधावरचा दगडी पाला धाडून दे, असं लिहिलंस. पाला आहे रे, ओट्यापासून दहा पावलांवर. पण नाही पाठवत. रागावू नकोस.

पाल्यावर माझा विश्वास उडालाय असं नाही. सातवीत गवत कापताना विळा माझ्या पोटरीवर बसला तेव्हा तू सोबत होतास. आजीने हीच एकदांडी, म्हणजे आपला दगडी पाला, ओरबाडली, लांब दांड्यावर एकच फूल येणारी. खरखरीत पानं तळहातावर चोळचोळ चोळली आणि हिरवा रस जखमेत पिळला. अशी झोंबली की मी तुझा हात आवळून धरला! पण रक्त थांबलं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतही तिच्या रसाने जखम भरायला मदत होते असं दिसलं. पण त्याच आजीने दुसऱ्या दिवशी मला धनुर्वाताच्या इंजेक्शनला पिटाळलं होतं, तेही आठव.

हळदीच्या पेटंटचं लिहिलंस. जखमेवर हळद वापरण्याचं, १९९५ साली अमेरिकेत दिलेलं ते पेटंट माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, १९९७ साली रद्द करवलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण जखमेला हळद लावणं आपल्याकडे जुनंच आहे, एवढंच तिथे सिद्ध झालं. डब्यातल्या हळदीने कुठलीही जखम बरी होते, असं नव्हे.

आबांचं तुला सगळं कधी सांगितलंच नाही. शुगर होती, पाय बधिर झालेले. चपलेने अंगठा घासला. बारा दिवस मीच पाला ठेचून, हळद घालून फडकं बांधत होतो. वर खपली धरली, आम्ही निर्धास्त. आत पू साचत होता. वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं, तोवर हाडाला लागलं होतं. अंगठा काढावा लागला. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत.

काकूंनाही शुगर आहे. आणि तू लिहिलंस, ‘दुखत मात्र अजिबात नाही.’ त्या ओळीने रात्री माझा डोळा लागला नाही. आबाही हेच म्हणायचे.

उद्याच त्यांना सर्जनकडे ने. शुगर तपासून घे. अनवाणी फिरू देऊ नकोस, गरम पाण्यात पाय बुडवू देऊ नकोस, चटका बसला तरी त्यांना कळायचा नाही. जखमेवर स्वच्छ पट्टी, बाकी काही नको.

शनिवारी पहाटेच्या एसटीने मी येतोय. माझी वाट बघत थांबू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
महादू