गुण कमी पडले म्हणून आयटीआय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ऊर्जा क्षेत्रातल्या करिअरवरचा लेख वाचला. या विषयाला अख्खे पान दिलेत याबद्दल आभार. पण ते पान अभियांत्रिकीच्या शाखा, एमबीए आणि परदेशी विद्यापीठे यांतच संपले. अगदी तळाशी एक ओळ आली : ‘दहावीला गुण कमी असल्यास आयटीआयचा पर्यायही खुला आहे.’

मी ३१ वर्षे आयटीआयमध्ये तारतंत्री (वायरमन) ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत हेच वाक्य पालकांच्या तोंडून ऐकायचो. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा असायचा आणि बाप त्याच्यादेखत सांगायचा, ‘काय करणार सर, मार्कच पडले नाहीत.’ त्या मुलाची मान वर व्हायला आम्हाला सहा-सहा महिने लागायचे. आता तेच तुमच्या पुरवणीत छापून आलेले पाहिले आणि रात्रभर डोक्यातून गेले नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचे वीजप्रकल्प चालतात, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे हत्यारांची पिशवी घेऊन मनोऱ्याच्या आतली शिडी कोण चढतो? औष्णिक केंद्रात बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरची परीक्षा लेखकाने एकदा जाऊन पाहावी. पाइप ४५ अंशांत तिरका आणि पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे, कधी वाकून, कधी खालून मान वर करून. मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो आणि आत पोकळी दिसली की नापास. हे कमी गुणांचे काम आहे का?

पुढची वाटही लेखात यायला हवी होती. दोन वर्षांचा वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री, मग शिकाऊ उमेदवारी, मग परवाना, अनुभव जमला की पर्यवेक्षकाचा परवाना आणि हिंमत असेल तर स्वतःची कंत्राटदारी. शिकायचे असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बॉयलर अटेंडंटची, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्याची, परीक्षा द्वितीय श्रेणीची, मग प्रथम श्रेणीची. यातले काहीच लेखात नाही.

पण मला खरे लिहायचे आहे ते लेखासोबतच्या फोटोबद्दल. पत्र्याच्या छपरावर एक पोरगा सोलर पॅनल बसवतो आहे. पायात स्लिपर, डोक्यावर हेल्मेट नाही, कमरेला बेल्ट नाही, हातमोजे नाहीत. खाली ओळ : ‘सौर ऊर्जेत उज्ज्वल संधी’.

माझा भाचा असाच एका गच्चीवर होता. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, सकाळी साडेअकराचे ऊन. आयटीआय माझ्याच हाताखाली केलेला, एका सोलर कंत्राटदाराकडे रोजाने जायचा. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारे यंत्र) वायर जास्तीची होती, ती आखूड करायची होती. मी शिकवल्याप्रमाणे त्याने आधी घराचा मेन पाडला. मग अधिक आणि उणे अशा दोन्ही वायरी एकत्र धरून पक्कड लावली. निळा जाळ झाला. पकडीचे तोंड वितळले, अंगठा आणि दोन बोटे भाजली, तो मागे कोलमडला. गच्चीला कठडा होता म्हणून वाचला.

दवाखान्यात त्याने मला एकच विचारले, ‘मामा, मेन तर मी पाडला होता, मग करंट आला कुठून?’

आला सूर्याकडून. ऊन आहे तोवर पॅनल बंद होत नाही, घरातला मेन पाडा नाहीतर काहीही करा. साडेपाचशे वॅटची सहा पॅनल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) तयार होते. दोन्ही वायरी एकत्र धरल्याने पकडीच्या लोखंडातून अधिक आणि उणे एकमेकांना भिडले. आपल्या घरातला एसी (दिशा बदलत राहणारा) प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी लवकर विझते. डीसी शून्यावर येतच नाही, त्याचा जाळ लांबत जातो. आधी डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) पाडायचा, पॅनलपाशी कनेक्टर सोडवायचा, मीटर लावून खात्री करायची आणि मगच एकेक वायर वेगळी कापायची. हे सांगायला दहा मिनिटे लागतात. भाच्याला ते कोणीच सांगितले नव्हते. कंत्राटदाराने नाही, आणि मीही नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एकच पॅनल होते, ते कपाटात कुलूपबंद असायचे.

कंत्राटदार म्हणाला, ‘आयटीआय झालेल्याला एवढे कळायला नको का?’ बहीण एवढेच म्हणाली, ‘दादा, सोलरला पुढे चांगले दिवस आहेत असे तूच म्हणाला होतास.’ त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हते. अजूनही नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांवर पॅनल बसवायची आहेत, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ग्राहकाला किती मिळणार हे तुम्ही वरचेवर छापता आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रत्येक छपरावर कोणीतरी चढणार आहे. तो काय शिकून चढतो, त्याच्या कमरेला काय बांधलेले असते, त्याचा विमा कोण काढतो, हेही छापा. निदान असा फोटो तरी छापू नका. तो पाहून दहा ठिकाणची पोरे समजतात की असेच चढायचे असते.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर छोट्या जाहिरातींत ‘सोलर टेक्निशियन, थेट भरती, आयटीआय पास/नापास’ अशी जाहिरात आहे. मी काल त्या नंबरवर फोन केला. आधी नोंदणीचे अडीच हजार रुपये भरा, मग कामाचा पत्ता देतो, असे उत्तर मिळाले. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्यात मुलाला विद्यावेतन द्यायचे असते, त्याच्याकडून काही घ्यायचे नसते. ज्या बापाने पोराच्या फीसाठी शेळ्या विकल्या त्याला अडीच हजार म्हणजे काय, हे मी पाहिले आहे. जाहिरात विभागाने एकदा तो नंबर फिरवून पाहावा आणि येत्या रविवारी ती जाहिरात घेऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (तारतंत्री), कराड