अध्यक्ष निवडून आले, टिकले किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२२ पूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी कधी मतदान झालेच नाही, असे एका वाचकाने याच सदरात लिहिले आहे. निदान नाशिककरांना तरी हे पटू नये.

मी इथल्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. सप्टेंबर १९५० मध्ये नाशिकला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा माझे वडील स्वयंसेवक होते. मंडपात पाणी वाटायचे काम! त्याआधीच अध्यक्षपदाची तिरंगी लढत झाली होती : पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२ आणि आपले शंकरराव देव २०२. हा २०२चा आकडा वडिलांना शेवटपर्यंत बोचत राहिला.

टंडनांच्या पाठीशी सरदार पटेल होते. नेहरूंना टंडन मुळीच नको होते. म्हणून नाशिकला व्यासपीठावर टंडन, पण ठराव नेहरूंच्या मनासारखे. डिसेंबरात पटेल गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यसमितीचा राजीनामा दिला, टंडन काय ते उमजले आणि महिनाभरात पायउतार झाले. मग पंतप्रधानच पक्षाध्यक्ष!

तेव्हा मतदान झाले का, एवढेच विचारून भागत नाही. १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ असे हरवले, पण गांधीजींचा पाठिंबा नव्हता. एप्रिलमध्ये त्यांनी पद सोडले. १९९७ मध्ये सीताराम केसरींना ६२२४ मते मिळाली, शरद पवारांना ८८२, राजेश पायलटांना ३५४. वर्ष उलटायच्या आत कार्यसमितीने केसरींनाच बाजूला सारले. सोनिया गांधी मात्र २००० मध्ये जितेंद्र प्रसाद यांना ७४४८ विरुद्ध ९४ असे हरवून पुढे १७ वर्षे राहिल्या. कारण सांगायला हवे का?

जाता जाता मराठी माणसाचेही पाहा. लोकमान्यांची १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी निवड झाली, पण ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले आणि अध्यक्ष झाले मालवीय. अमरावतीच्या रघुनाथ मुधोळकरांनी १९१२ मध्ये पाटण्याच्या बांकीपूरला ते पद भूषवले, त्यानंतर आपल्यातले कुणी तिथवर पोहोचलेच नाही. देवांची २०२ मते, पवारांची ८८२. यात आपल्या नेत्यांच्या आपसातल्या भांडणांचा वाटा किती आणि दिल्लीचा किती, यावर कुणी जाणकाराने लिहिले तर वाचायला आवडेल.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक