दीक्षेचा अर्ज ऑगस्टमध्येच द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर जवळ आले की वडोदऱ्यात धम्मदीक्षेच्या सोहळ्यांची पत्रके फिरू लागतात. २३ सप्टेंबरला संकल्प दिन असतो. १९१७ साली बाबासाहेब ज्या झाडाखाली बसले, त्या कमाटी बागेतल्या जागेला वंदन करायला महाराष्ट्रातूनही माणसे येतात, आणि दीक्षेची बोलणी बहुधा तेव्हाच सुरू होतात. पत्रकात वेळ, जागा, भंतेजींचे नाव, भोजनाची सोय असे सगळे असते. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गुजरात धर्म स्वातंत्र्य अधिनियम २००३ सालचा. त्याचे नियम २००८ साली आले आणि तेव्हापासून कलम ५ प्रत्यक्षात लागू झाले. हे कलम दोन वेगवेगळ्या माणसांवर दोन वेगवेगळी कामे टाकते. विधी करून दुसऱ्याला धर्मांतरित करणाऱ्याने, किंवा अशा विधीत भाग घेणाऱ्याने, आधी परवानगी घ्यायची. धर्म बदलणाऱ्याने विधीनंतर दहा दिवसांच्या आत, विधी ज्या जिल्ह्यात झाला तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना नमुना ‘क’मध्ये कळवायचे. यातले काहीही सबळ कारणाशिवाय चुकले तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगीची जबाबदारी मुळात दीक्षा देणाऱ्याची आहे, पण कचेरीत हेलपाटे घालतो तो दीक्षा घेणारा. म्हणून प्रत्येक अर्जासोबत भंतेजींचे किंवा आयोजकांचे सहीचे पत्र जोडलेले बरे.

आता ‘बौद्ध धम्माला परवानगी लागतच नाही’ या समजाबद्दल. हा समज हवेतून आलेला नाही. राज्यघटनेच्या कलम २५ला एक स्पष्टीकरण आहे. त्यात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरावेत असे म्हटले आहे. त्यावर बोट ठेवून काही कलेक्टर कचेऱ्या ‘परवानगीची गरज नाही’ असे लेखी उत्तर देऊन अर्ज निकाली काढत असत. पण ते स्पष्टीकरण २५(२)(ब)पुरतेच आहे, म्हणजे सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक हिंदू धर्मस्थळे सर्व वर्गांना खुली करणे एवढ्यापुरते. बौद्ध धम्म हा हिंदू धर्माचा पंथ आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. २००६ साली राज्य सरकारने जैन आणि बौद्धांना तसे पंथ ठरवणारे दुरुस्ती विधेयक आणले होते. राज्यपालांनी ते परत पाठवले आणि पुढे ते मागे घेतले गेले. शेवटी ८ एप्रिल २०२४ रोजी गृह विभागाने परिपत्रक काढले: या कायद्यापुरता बौद्ध धम्म स्वतंत्र धर्म मानावा आणि अर्ज विहित नमुन्यातच घ्यावा. धम्म स्वतंत्र आहे हे सरकारने एकदाचे लिहून दिले याचा आनंद मानावा, की त्यासोबत आलेल्या अटीचे दुःख, हे ज्याने त्याने ठरवावे. कागद मात्र भरावाच लागतो.

तारखांचा हिशेब असा. नियमाप्रमाणे अर्ज विधीच्या एक महिना आधी द्यायचा आणि अधिकाऱ्याने महिन्याभरात निर्णय घ्यायचा. म्हणजे १४ ऑक्टोबरच्या सोहळ्यासाठी १४ सप्टेंबर ही अगदी शेवटची तारीख. पण मधे पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जबाब होतात, गणपती आणि नवरात्राचा बंदोबस्त असतो. अर्ज ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दिला तरच जीव भांड्यात पडतो. पन्नास नावांची यादी जोडून एकच अर्ज देऊ नये. एकाच्या कागदात खोट निघाली की सगळी यादी अडकते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा अर्ज वेगळा हवा आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर व शिक्का घेतलेला हवा. सर्वांत जास्त अर्ज नावाच्या फरकाने अडतात. आधार कार्डावर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर (एल.सी.) दुसरे, आडनाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असे असेल तर सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) आधीच करून ठेवावा. जबाबात कारण विचारले तर दोन वाक्यांत सांगावे: वाचून-समजून, स्वतःच्या इच्छेने, कुणाच्या दबावाशिवाय. लांबलचक भाषणातून नको ते शब्द टिपले जातात.

पत्रकाचा मजकूरही जपून लिहावा. कायद्यातल्या ‘प्रलोभना’त भेटवस्तू आणि आर्थिक लाभ पूर्वीपासून होते. २०२१च्या दुरुस्तीने त्यात चांगली जीवनशैली आणि दैवी आशीर्वादसुद्धा घातले. ‘दीक्षा घेणाऱ्यांच्या मुलांना वह्या-पुस्तके मोफत’ अशी निरागस ओळही उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकते. वह्या वाटायच्याच असतील तर दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना वाटा. याच दुरुस्तीने पुराव्याचा भार आरोपीवर टाकला आहे. गुजरात उच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेली अंतरिम स्थगिती आंतरधर्मीय विवाहांपुरती आहे: बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणूक नसताना केवळ लग्न झाले म्हणून या कायद्याची कलमे लागू होणार नाहीत. दीक्षेच्या सोहळ्याला त्या आदेशाचा आधार मिळत नाही.

जातीच्या दाखल्याची भीती सर्वांत जास्त, आणि सर्वांत निराधार. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. गोंधळ होतो तो रकान्यांचा. धर्म ‘बौद्ध’ आणि जात ‘महार’ किंवा जी असेल ती, असे दोन वेगळे रकाने भरावेत. जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले की मामलतदार कचेरी दाखला परत करते, कारण यादीत त्या नावाची जातच नाही. महार ही जात गुजरातच्या यादीत आहे. पण ज्यांचे वडील-आजोबा १० ऑगस्ट १९५०नंतर, म्हणजे त्या आदेशाच्या तारखेनंतर, महाराष्ट्रातून इकडे आले, त्यांची राज्य सरकारच्या आरक्षणाची अडचण स्थलांतराची आहे, धर्माची नव्हे. दीक्षा घेतली काय, न घेतली काय, ती तशीच राहते.

वारसा आणि लग्नाबाबत फारसा फरक पडत नाही. हिंदू वारसा कायदा आणि हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहेत.

ज्यांच्या घरी १९५६पासून धम्म आहे, त्यांनी त्रिशरण-पंचशील घेणे हे धर्मांतर नव्हे. एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला तरच कायदा लागतो. पण एल.सी.वर ‘हिंदू’ छापले असेल तर कारकून कागदावरच जातो. अशांनी आई-वडिलांच्या नोंदी आणि बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाचा पुरावा जवळ ठेवावा.

माझे मत विचाराल तर विधीनंतर कळवणे एक वेळ समजू शकते, आधी परवानगी मागणे नाही. स्टॅनिस्लाउस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. स्वतःहून धर्म बदलणाऱ्याने सरकारची संमती घ्यावी असे त्यातून निघत नाही. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१२ साली तिथल्या कायद्यातली आगाऊ सूचनेची अट रद्द केली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या तशाच अटीच्या भंगाबद्दल सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. आणि त्या दोन्ही राज्यांत केवळ सूचना द्यायची होती. आपल्याकडे परवानगी आहे.

ही अट आहे तोवर कचेरीकडून एवढी अपेक्षा गैर नाही: महिन्याच्या आत हो किंवा नाही ते लेखी कळवावे आणि नाही असेल तर कारण द्यावे. महिना उलटला म्हणून परवानगी मिळालीच असे धरून सोहळा उरकू नये. वीस रुपये भरून माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती मागावी, आणि कारण न देता नकार आला तर राज्यघटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात जावे. परवानगी मिळाल्यावर नमुना ‘क’ मंडपातच, भोजनाच्या आधी भरून घ्यावा. घरी गेल्यावर दहा दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आपला,
एक वकील वाचक
दांडिया बाजार, वडोदरा