कस्टम कोडचे कारण कुठेतरी लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगांच्या संगणकीकरणावर जे लेख येतात, त्यांत सॉफ्टवेअर कोणते घ्यावे याची चर्चा भरपूर असते. घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःसाठी किती बदल करून घ्यावेत, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझे काम त्या बदलांनंतर सुरू होते. कंपन्यांच्या ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) नव्या आवृत्तीवर नेण्याचे, म्हणजे अपग्रेडचे काम मी बरीच वर्षे करते आहे. कोणीतरी कधीतरी खास आपल्यापुरता लिहून घेतलेला कोड, म्हणजे कस्टम कोड, समोर येतो, लिहून घेणारे बहुतेक नोकरी सोडून गेलेले असतात, आणि तो ठेवायचा की काढायचा हे आम्हाला ठरवावे लागते.

एसएपी या जर्मन कंपनीच्या ईआरपीमध्ये ग्राहकाने स्वतः करून घेतलेल्या प्रोग्रामचे नाव झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होते. त्यावरून आमच्याकडे सगळेच त्यांना ‘झेड प्रोग्राम’ म्हणतात. सध्या त्यांची मोजदाद ठिकठिकाणी चालू आहे. एसएपीच्या ईसीसी ६.० या जुन्या ईआरपीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ अखेर संपते आहे, आणि अनेक कंपन्यांना २०१५ साली बाजारात आलेल्या एस/४ हाना या तिच्याच नव्या ईआरपीकडे जावे लागते आहे. यादी हातात आली की मी आधी विचारते, हा प्रोग्राम का लिहिला? उत्तर बहुधा येते, “पहिल्यापासून आहे.” कोणाला हवा होता, त्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये काय कमी होते, याचा कागद कुठेच नसतो. मग भीतीपोटी सगळेच पुढे न्यावे लागते आणि त्या प्रत्येकाच्या टेस्टिंगचा खर्च कंपनी पुन्हा भरते.

एका ठिकाणी परचेस ऑर्डरच्या मंजुरीसाठी खास कोड लिहिलेला होता. अमुक रकमेच्या वरची ऑर्डर खरेदी प्रमुखांकडे जावी, एवढीच गरज. ही सोय जवळजवळ प्रत्येक ईआरपीत तयार असते. रक्कम आणि पद ठरवून द्यायचे, की झाले. इथे मात्र कोडमध्ये खरेदी प्रमुखांचा युजर आयडी थेट लिहिलेला होता. ते निवृत्त झाले, त्यांचे खाते बंद झाले आणि मोठ्या ऑर्डरी त्या बंद खात्यात जाऊन अडकू लागल्या. कच्चा माल का येत नाही हे शोधायला लोकांनी पुरवठादाराला धारेवर धरले. तयार सोय वापरली असती तर पदावरचा माणूस बदलणे हे ॲडमिनचे पाच मिनिटांचे काम होते.

असे का होते? माझ्या मते निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथेच गोम आहे. फिट-गॅपच्या, म्हणजे तयार सॉफ्टवेअर कुठे पुरते आणि कुठे कमी पडते हे ठरवण्याच्या, बैठकीला विभागप्रमुख असतात, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या व्हेंडरची माणसे असतात. गोदामात माल मोजून देणारा आणि बिलांची नोंद करणारी कारकून तिथे नसतात. विभागप्रमुख जुन्या सॉफ्टवेअरची स्क्रीन आठवून सांगतात, “आमच्याकडे असंच चालतं.” समोरचा ते ‘गॅप’ म्हणून लिहून घेतो. जुन्या प्रणालीची सवय आणि धंद्याची खरी गरज एकाच यादीत, एकाच वजनाने जाऊन बसतात. व्हेंडरलाही त्यावर वाद घालण्यात फायदा नसतो. चेंज रिक्वेस्टचे, म्हणजे मागितलेल्या प्रत्येक जादा बदलाचे, पैसे वेगळे मिळतात.

म्हणून काहीही बदलू नका, असे सांगणारेही बरेच भेटतात. त्यांच्याशीही मी सहमत नाही. केबल बनवणाऱ्या एका कंपनीचे उदाहरण देते. ग्राहकाला सलग ४५ मीटर केबल हवी होती. सिस्टीममध्ये साठा ६० मीटर दिसत होता, म्हणून विक्री विभागाने ऑर्डर घेतली. गोदामात २०-२० मीटरचे तीन तुकडे निघाले. बेरीज बरोबर, माल देता येत नाही. हे सारखे घडायला लागल्यावर कंपनीने साठ्याचे पूर्ण मॉड्यूलच नव्याने लिहून मागितले.

तिथे गोदामातल्या माणसाला बोलावून तो काय करतो हे नीट पाहिले गेले. केबल गुंडाळलेल्या ड्रमवरचा प्रत्येक तुकडा त्याच्या वहीत वेगळा लिहिलेला होता. सॉफ्टवेअरमध्ये बॅचची, म्हणजे एकाच मालाचे वेगवेगळे गट स्वतंत्र नोंदवण्याची, सोय होतीच. प्रत्येक तुकडा ही एक बॅच धरली, तिची लांबी बॅचवर नोंदवली, आणि ऑर्डर घेताना सलग किती मिळेल ते दिसू लागले. यासाठी कोड लागला नाही. उरली एक गोष्ट: ४५ मीटर कुठल्या ड्रममधून कापावे, म्हणजे मागे उरलेला तुकडा विकण्याजोगा राहील? हे कुठल्याही तयार सॉफ्टवेअरला त्यांच्यासाठी माहीत असणे शक्य नव्हते, कारण कुठली लांबी खपते हे त्यांनाच ठाऊक. तेवढ्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. तो साठा वाचतो आणि ड्रम सुचवतो; माल काढल्याची नोंद मात्र मूळ सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या स्क्रीनवरूनच होते. तो स्वतः साठ्याच्या नोंदीत काही लिहीत नाही, त्यामुळे अपग्रेडच्या वेळी तपासायला सोपा जातो. असा कोड समोर आला की मला मनापासून आनंद होतो. त्याच्या वरच्या चार ओळींत तो का लिहिला हेही सांगितलेले होते.

बदलांचा हट्ट मोठमोठ्यांना महाग पडला आहे. लिडल या जर्मन दुकानसाखळीने २०११ मध्ये एसएपीवर आधारित प्रणालीचे काम सुरू केले आणि २०१८ मध्ये ते सोडून दिले. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्या. कारणे अनेक होती, पण त्यांतले एक माझ्यासारखीला लगेच कळते. लिडल साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरत असे, तर त्या सॉफ्टवेअरची मूळ रीत विक्री किमतीवर धरण्याची. कंपनीने आपली रीत बदलली नाही, सॉफ्टवेअर बदलायला घेतले. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला या फरकाने काय मिळणार होते, हा प्रश्न मला आजही पडतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये फीनिक्स ही पगार प्रणाली सुरू केली. पाया पीपलसॉफ्ट या तयार सॉफ्टवेअरचा, पण सांभाळायचे होते ८० हजारांहून अधिक वेतन नियम. उभारणीचा अंदाज २७.४ कोटी कॅनेडियन डॉलर आला, मंजूर रक्कम १५.५ कोटी होती. तेव्हा काही सोयी वगळून काम उरकण्याचे ठरले. वगळलेल्यांत मागील तारखेपासूनच्या थकबाकीचा हिशेब होता, जो सरकारी पगारात रोज लागतो. लोकांना कमी पगार, जास्त पगार, काहींना पगारच नाही, असे झाले. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या निर्णयांवर कडक ताशेरे ओढले. ज्या नियमांवाचून काम होतच नाही, ते ‘नंतर बघू’च्या यादीत टाकता येत नाहीत.

खासगी कंपन्यांत हीच चूक शांतपणे होते. जमत नसलेली पद्धत लादली की लोक एक्सेल उघडतात. सिस्टीममध्ये महिन्याअखेरीस एकदाच आकडे भरले जातात आणि खरा हिशेब कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहतो. अशी फाइल सापडली तर तिच्या मालकाला रागावू नये. तिच्यात प्रणालीला काय जमत नाही याची सर्वांत प्रामाणिक यादी असते.

तयार सोय कायमची असते, असेही समजू नये. विक्री आणि ग्राहकांची माहिती सांभाळणारे सॉफ्टवेअर देणाऱ्या सेल्सफोर्सने वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर या कामे आपोआप करून देणाऱ्या आपल्याच सोयींचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपवला. फरक एवढा, की त्याची सूचना बरीच आधी मिळाली आणि नव्या पद्धतीकडे जाण्याचे साधनही कंपनीनेच दिले. तुमच्या कस्टम कोडसाठी अशी सूचना द्यायला कोणी नसते. मूळ कोडलाच हात घातला असेल तर आणखी कठीण. मायक्रोसॉफ्टने डायनॅमिक्स ३६५ फायनान्स अँड ऑपरेशन्स या आपल्या ईआरपीमध्ये २०१८ पासून मूळ कोड बदलण्याची वाटच बंद केली. जे करायचे ते एक्स्टेंशन म्हणून बाहेरून जोडा. सुरुवातीला या निर्णयावर खूप कुरकुर झाली. मला तो योग्य वाटतो. सेटिंग, मग जादा फील्ड, मग रिपोर्ट, मग बाहेरून जोडलेला छोटा प्रोग्राम, या क्रमाने जाऊन पाहिले तर बहुतेक गरजा मूळ कोडपर्यंत पोहोचतच नाहीत.

माझी कंपन्यांना एकच विनंती आहे, आणि ती करारात घालण्यासारखी आहे. करून घेतलेल्या प्रत्येक बदलासाठी एक पान असावे. कोणाला हवा होता, तयार सोय वापरून पाहिली का, ती कुठे कमी पडली, बदलाचा मालक कुठल्या पदावरचा माणूस आहे आणि पुढच्या अपग्रेडआधी तो लागतो की नाही हे कोण ठरवणार. आज ‘दस्तऐवज’ म्हणून जे हस्तांतरित होते, त्यात स्क्रीनची चित्रे असतात आणि बटण कुठे दाबायचे एवढेच कळते. हे पान लिहायला अर्धा तास पुरतो. ते सोबत नसेल तर त्या बदलाचे बिल मंजूर करू नये.

आपली,
ईआरपी अपग्रेडचे काम करणारी एक वाचक