टिपणे कोणी काढायची?

पुणे, रविवार

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आईचा गुडघा आता बरा आहे, मीही ठीक आहे. इतरांना सांगितले तर ‘एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस’ म्हणतील, म्हणून तुलाच लिहिते.

परवा अप्रेझल झाले. मॅडमनी माझ्याविषयी लिहिले, ‘सर्वांना सांभाळून घेते’, आणि निखिलविषयी, ‘तांत्रिक नेतृत्व’. वर्षभर बैठकींची टिपणे मी काढली, नव्या मुलांना कोड समजावला, क्लायंट येणार त्या दिवशी हिंजवडीचा ट्रॅफिक पार करून सर्वांआधी पोचले. मात्र ज्यावर बढती मिळते ते पेमेंटचे मॉड्यूल ‘तुझ्यावर आधीच खूप आहे’ म्हणून निखिलकडे गेले. जे ओझे बढतीच्या वेळी कोणी मोजत नाही, तेच मला चांगले काम नाकारताना बरोबर मोजले जाते, याचा मला फार राग आला आहे.

हॉस्टेलच्या गॅदरिंगच्या वेळी ‘आपणच हात वर करतो, म्हणून आपल्यावर येते’ असे तू म्हणालीस आणि मी आठवडाभर अबोला धरला. बिचारी शैला आपले निरोप पोचवून दमली. ते भांडण आज मी पुन्हा उकरून काढते आहे. लिंडा बॅबकॉक, लीझ वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिघांच्या गटातल्या एकाने असे काम अंगावर घ्यायचे होते, ज्यात घेणाऱ्यालाच सर्वांत कमी मोबदला मिळे. मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा 48 टक्के अधिक वेळा पुढे आल्या. पण केवळ पुरुषांच्या गटांतही ते काम तितकेच होत होते. म्हणजे पुरुषांना ते जमते. बाई समोर असली की ते थांबतात. शिवाय काम सांगणारा पुरुष असो वा स्त्री, विचारणा स्त्रियांनाच 44 टक्के अधिक झाली. मॅडमही बाईच आहेत, मेधा, आणि हेच मला अधिक लागले.

तेव्हा ‘नाही म्हणायला शीक’ हा तुझा उपाय मला पटत नाही, कारण मी नाही म्हटले तर टिपणे अश्विनीकडे जातील. टिपणे आळीपाळीने सर्वांनी काढावीत आणि नव्यांना शिकवण्याचे तास अप्रेझलमध्ये धरावेत, असे मी मॅडमना लेखी कळवणार आहे. मसुदा सोबत आहे. कुठे नरम पडले असेन तिथे खूण कर.

तुझ्या बदलीचे काय ठरले? ओजसला आशीर्वाद. मसुदा बुधवारपर्यंत परत पाठव, गुरुवारी बैठक आहे.

तुझी,
सुमन